अकरा पोरांची शाळा

बाई, नमस्कार.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. लॉकडाऊनमध्ये विरारची खोली सोडून गावी आलो, मिस्टरांनी काजूचं छोटं युनिट टाकलं, आता परत जायचा विचार नाही. मुलगी यंदा सहा वर्षांची झाली. जूनमध्ये पहिलीत घालायची. घरापासून हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते पाचवी. पट अकरा. एक गुरुजी, एक बाई. हिच्या वर्गात ही आणि आणखी एक मुलगा, एवढेच दोघं. दुसरीत तर कोणीच नाही.

मिस्टर म्हणतात, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू. पावणेसातला व्हॅन येते, तासाभराचा रस्ता आहे, आजूबाजूच्या वाड्यांतली सव्वीस मुलं तिच्यातूनच जातात. सासूबाई म्हणतात, तुझा नवरा याच शाळेत शिकला, त्याचं काय बिघडलं? नणंद डोंबिवलीहून फोनवर बजावते की अकरा पोरांत राहून मुलगी बुजरी होईल. शाळा बंद होणार अशी कुजबुजही आहे. त्यात अंगणवाडीतल्या आणखी दोघी आया व्हॅनचं बघतायत. त्यातली एक परवा मला म्हणाली, "तुम्ही घालताय का इथे? तुम्ही घातलीत तर आम्ही पण थांबू." तेव्हापासून झोप उडाली आहे. लहान शाळा चांगली की वाईट, एवढंच सांगा.

एक आई

---

'एवढंच सांगा' म्हणालात, पण एवढ्यात भागणार नाही. जरा ऐसपैस लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या नोकरीत 31 वर्षं काढली. त्यातली नऊ द्विशिक्षकी शाळेत आणि शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करत. लहान शाळा मी फळ्याजवळ उभी राहून बघितली आणि पुढे शेरेबुकात शेरे मारतानाही बघितली. पालक म्हणूनही बघितली. ते जरा पुढे सांगते, कारण पालकसभेत ते मी कधी सांगितलं नव्हतं.

आधी तुमच्या घरच्यांचं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण ज्या शाळेत तुमचे मिस्टर शिकले ती ही शाळा नव्हे. इमारत तीच, कौलंही तीच असतील. पण तेव्हा वाडीतली घरं नांदती होती, एकेका घरातून तीन-तीन पोरं दप्तर घेऊन निघायची. आता निम्म्या घरांना गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप. एका वर्गात पंधरा पोरं होती ती शाळा वेगळी होती, आणि अकरा पोरांत पाच वर्ग बसवणारी ही वेगळी. चांगली की वाईट ते नंतर, पण दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

नणंदबाईंची भीती मी शेकडो वेळा ऐकली आहे, आणि ती मला उलटी वाटते. अकरा पोरांत मूल बुजायला जागाच नसते. परिपाठात आज सुविचार कोण सांगणार? तीच. बातम्या कोण वाचणार? तीच, कारण काल दुसऱ्याने वाचल्या. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसमोर भाषण? अकराच्या अकरा जणांना करावं लागतं, नाहीतर कार्यक्रम दहा मिनिटांत संपेल. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून वर्षभर तोंड न उघडणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत, समंजस' असं लिहिलेलंही पाहिलं आहे.

लहान शाळेत काय हाती लागतं, ते एका मुलीवरून सांगते. माझ्या शाळेत पहिलीला एक मुलगी होती, घरचे कातकरी, अंगणवाडीत फारशी न गेलेली. त्या वर्षी दुसरीची पुस्तकं उशिरा आली, म्हणून दुसरीतल्या तिघांना मी एकच पुस्तक दिलं होतं. तिघं एका बाजूला बसायचे आणि ही त्यांच्या समोर. दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की ही पोर वाचते, पण पुस्तक उलटं धरून. सरळ धरलं की अडायची, फिरवून दिलं की घडाघडा. समोर बसून, दुसऱ्यांचा धडा ऐकत, उलट्या अक्षरांतून ती वाचायला शिकली होती. सरळ करायला मला आठवडा लागला. एका खोलीत तीन वर्ग बसतात, म्हणजे तीन वर्गांचा गोंधळ, असं बाहेरून वाटतं. आतल्या लहान पोराला मात्र पुढच्या दोन वर्षांचं सगळं कानावरून जात असतं.

याला आमच्या भाषेत बहुवर्ग अध्यापन म्हणतात. ही नाइलाजाची तडजोड असते हे खरं, पण तिच्यातून चांगली पद्धतही उभी राहिली आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या मंडळींनी आसपासच्या खेड्यांतल्या अशाच इवल्या शाळांसाठी कार्डं आणि शिकण्याच्या पायऱ्या तयार केल्या. मूल आपापल्या पायरीवर काम करतं, वर्ग कुठला याला महत्त्व नाही. कर्नाटकात 1995 मध्ये म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नली-कली' त्याच वाटेने सुरू झालं आणि पुढे राज्यभर गेलं. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण एक काळ असा होता की राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे जात होत्या. मीही गेले होते. जमिनीवर आखलेली अक्षरं, खडे, काड्या, पोरं गटात बसून आपली आपण शिकतायत, बाई मधूनच एखादा प्रश्न टाकून पुढे जातायत. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. 2015 च्या 22 जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि मग जिकडेतिकडे फरश्या रंगल्या. फरशी रंगवली की ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून शिकतं ती पद्धत) झाला, असं मानणाऱ्या शाळाही मी नंतर तपासल्या. रंगावर चप्पल पडू नये म्हणून पोरांना भिंतीकडेने चालायला लावणारी एक होती. म्हणून शाळेत जाल तेव्हा भिंती आणि फरश्या बघून हुरळू नका.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी विरारला नोकरी केली आहे, इंग्रजी न आल्याने माणूस कुठे अडतो ते त्यांनी बघितलं असेल. पण आपल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, आणि पुढे सेमी-इंग्रजीची वाटही आहे. खरा प्रश्न शिकवणाऱ्या माणसाला किती येतं हा आहे, आणि तो त्यांनी दोन्ही शाळांत जाऊन विचारावा. पाटीवर 'इंग्लिश मीडियम' लिहिलेल्या बऱ्याच शाळांत बाई इंग्रजीत वाचतात आणि मराठीत समजावतात. मुलांना अर्थ पाठ असतो, वाक्य येत नसतं.

आणि व्हॅन. सव्वीस मुलं एका व्हॅनमध्ये, हे तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथे थांबले. त्या गाडीच्या आरसी बुकात आसनं किती लिहिली आहेत, ते मिस्टरांना एकदा बघायला सांगा. दुसरा हिशोब वेळेचा. जाऊन-येऊन दोन तास. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं ठरवून दिलं आहे. 200 दिवस रोज दोन तास म्हणजे 400 तास, शाळेच्या निम्मे. एवढा वेळ तुमची सहा वर्षांची मुलगी घाटातल्या वळणांवर बसून असेल, पावसाळ्यात काचा बंद करून. मोठ्या शाळेचे जे काही फायदे असतील त्यातून हे वजा करा आणि मग मांडा.

आता दुसरी बाजू. ही मी जास्त लिहिणार आहे, कारण शाळेतली माणसं तुम्हाला ती सांगणार नाहीत.

लहान शाळेचा घात पटाने होत नाही, रजेने आणि कागदाने होतो. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. अकरा मुलांना दोन, ऐकायला किती छान! पण चारशे मुलांच्या शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर एका वर्गाची अडचण होते. तुमच्याकडे एक गेला तर निम्मी शाळा गेली. आणि जायची कारणं संपत नाहीत: प्रशिक्षण, शिक्षण परिषद, मतदार याद्या, कुठलं तरी सर्वेक्षण, पंचायत समितीत नेऊन द्यायचा एखादा कागद. मोठ्या शाळेला जेवढे तक्ते भरावे लागतात तेवढेच अकरा पोरांच्या शाळेलाही, आणि लिपिक कोणालाच नाही. माझ्या एका शाळेत गुरुजी पडवीत उभे असायचे, कारण मोबाइलला रेंज तिथेच. ग्रुपवर 'तातडीचे, आजच' असं आलं की ते माहिती भरत बसायचे आणि आतली पोरं शुद्धलेखन लिहायची. वर्षाअखेरीस त्या पोरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. भागाकार एकालाही येत नव्हता.

दुसरं, सोबत. केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत खो-खोला मैदानात नऊ खेळाडू लागतात, कबड्डीला सात. अकरा पोरांत मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या काढल्या की पहिलीतली चिमुरडी धरली तरी संघ होत नाही. आमची पोरं दरवर्षी इतरांचे सामने बघून आणि खाऊ खाऊन परत यायची. पण खेळापेक्षा खोल गोष्ट ही की वर्गात दोघंच असली तर भांडण झाल्यावर जायला तिसरं कोणी नसतं. मोठ्या वर्गात मैत्रीण रुसली तर दुसरीशी बोलता येतं. इथे तोच एक मुलगा, पाच वर्षं. पहिला नंबर आणि शेवटचा नंबर ह्या दोघांतच वाटला जाणार, हेही आहेच. घरी येऊन ती सांगेल, माझा पहिला नंबर आला. कितीत पहिला, ते विचारू नका बिचारीला.

तिसरं, छाप. लहान शाळेत शिक्षक मुलाला आतबाहेर ओळखतात, हे कौतुकाने सांगितलं जातं. पण एकदा 'हा मठ्ठ' किंवा 'हा दांडगट' असं ठरलं की पाच वर्षं तेच, कारण शिक्षक तेच. माझ्याकडचा एक मुलगा पहिलीपासून 'दांडगट' म्हणून प्रसिद्ध होता आणि ती प्रसिद्धी माझीच देणगी होती. पाचवीनंतर तो केंद्रशाळेत गेला, तिथे त्याची कीर्ती पोचली नव्हती. सहामाहीला भेटला तेव्हा वर्गाचा मॉनिटर होता. मला बघून जरा चपापला, मीही चपापले.

आणि भावकी. शहरातले पालक याचा विचारच करत नाहीत. सात पोरांच्या एका शाळेत दोन घरांमधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कोणी सरकवला यावरून वाद झाला. एका घरची तीन पोरं बावीस दिवस शाळेत आली नाहीत, कारण शाळेची वाट दुसऱ्याच्या अंगणातून होती. पट सातवरून चारवर. मी, गुरुजी आणि पोलीस पाटील अशी तीन माणसं मध्ये पडली, तेव्हा शाळेच्या मागून कातळावरची वाट मोकळी करून घेतली. मोठ्या शाळेत गावाची भांडणं विरून जातात. लहान शाळेत ती पहिल्या बाकावर बसतात.

आता माझं. माझा मुलगा माझ्याच शाळेत होता. तिसरीपर्यंत. त्या वर्षी माझे जोडीदार गुरुजी बदलून गेले आणि त्यांच्या जागी दहा महिने कोणी आलं नाही. पाच वर्ग आणि मी एकटी. पोरगा चलाख होता, म्हणून मी त्याला पहिली-दुसरीच्या पोरांसमोर बसवायला लागले. अंक घोकून घे, वाचून घे, ह्याची पाटी तपास. सगळे म्हणायचे, बाईंचा मुलगा बघा, आत्ताच गुरुजी झाला. मलाही बरं वाटायचं. फेब्रुवारीत एका रात्री तो जेवताना म्हणाला, "आई, मला कधी शिकवणार?"

जूनमध्ये मी त्याला तालुक्याच्या शाळेत घातलं. वाडीतल्या पालकांना मी सांगत फिरत होते की इथेच ठेवा, आणि माझा मुलगा एसटीने जात होता. लोकांनी तोंडावर विचारलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा. तिकडे गेल्यावर त्याला अभ्यास काही अवघड गेला नाही. अवघड गेलं ते हात वर करणं. आमच्या शाळेत ज्याला जे सुचलं ते तो बोलायचा. उत्तर येत असेल तर हात वर करून थांबायचं असतं, आणि थांबूनही कदाचित आपल्याला विचारणारच नाहीत, हे त्याला समजायला दिवाळी उजाडली.

म्हणून लहान शाळेतल्या हुशार पोराबद्दल माझा अनुभव असा, की ते वर्षभरात सगळं शिकून घेतं आणि मग बिनपगारी मदतनीस होतं. मोठ्याने लहानाला शिकवणं चांगलंच, शिकवता शिकवता आपलंही पक्कं होतं. पण रोज, दिवसभर, शिक्षक नाही म्हणून? ते नको.

शाळा बंद होण्याची कुजबुज मात्र कुजबुज म्हणून सोडून देऊ नका. 2017 च्या अखेरीस दहाच्या आतल्या पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं होतं, त्यावर बराच गदारोळ झाला. 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची योजना आली. पुण्याकडचं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ ही त्याची उदाहरणं म्हणून सांगितली गेली. अशा वीसच्या आतल्या शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर असल्याचे आकडे तेव्हा छापून आले होते. आपलं कोकण त्यात मोठं वाटेकरी आहे. या शाळांना दुसरा शिक्षक कायमचा द्यायचा की निवृत्त किंवा कंत्राटी, यावरही निर्णय आले आणि बदलले. त्याच 2023 मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरच्या एकाच विद्यार्थ्याच्या शाळेची बातमी सगळीकडे झळकली होती, म्हणजे एका पोरासाठीही शाळा चालते. पण चालते म्हणून चालेलच, असं गृहीत धरू नका. तुमच्या शाळेला यंदा संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या मंजुरीत, किती शिक्षक आहेत, ते मुख्याध्यापकांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि समूह शाळेची गोष्ट निघालीच, तर एक मुद्दा धरून ठेवा: कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर एक किलोमीटर दिसतो. मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, असला आणि जुलैत त्याच्यावरच्या साकवावरून, छोट्या पुलावरून, पाणी जात असलं, तर ते अंतर कितीचं, ते नकाशा सांगत नाही. ते ग्रामसभेच्या ठरावात लिहावं लागतं, तारीखवार, मागच्या पावसात किती दिवस वाट बंद होती त्यासकट.

तुमचे मिस्टर तुम्हाला जालिंदरनगरचे व्हिडिओ दाखवतील, नाहीतर तुम्ही त्यांना दाखवाल. पुणे जिल्ह्यातली ही शाळा बंद पडायच्या बेतात होती. 2025 मध्ये ती जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारात झळकली. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तीही जिल्हा परिषदेचीच शाळा. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या शाळांवरून तुमच्या शाळेचं अनुमान काढू नका. शिवाय अशी शाळा नावारूपाला आली की लांबून पोरं येतात, पट वाढतो, आणि ती लहान राहत नाही. तुमचा प्रश्न साध्या शाळेचा आहे, साध्या गुरुजींचा आणि साध्या बाईंचा.

तेव्हा बघून या. एप्रिल आहे, शाळा सकाळची भरते आहे, सुट्टी लागायच्या आत जा. सांगून जाऊ नका, आणि सोमवारी किंवा शनिवारी जाऊ नका, मधला वार बघा. तासभर मागे बसा. चौथीतल्या एखाद्या पोराला त्याच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगू नका, तो पाठ असतो. कपाटातलं गोष्टीचं पुस्तक काढा आणि मधलंच पान उघडून द्या. वह्या चाळा, बरोबरच्या खुणांखाली तारखा बघा. पंधरा-पंधरा दिवसांची एकदम तपासणी झाली असेल तर शाईचा रंग एक असतो, पटकन ओळखू येतं. एका वर्गाला शिकवणं चालू असताना बाकीचे काय करतायत, ते सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं उतरवून काढतायत की त्यांना स्वतःचं काही काम दिलंय? खिचडीच्या वेळेपर्यंत थांबा. स्वयंपाकाच्या ताईंना पोरांची नावं माहीत असतात, कोण जेवत नाही तेही माहीत असतं. आणि हात धुताना एखाद्या बारक्याला सहज विचारा, काल दोघंही आले होते का? परवा? याबाबतीत पोरं खोटं बोलत नाहीत.

गुरुजींना विचारा की इथे किती वर्षं झाली. वाडी अवघड क्षेत्राच्या यादीत असेल तर तीन वर्षांनंतर त्यांना बदली मागता येते. ते मागणार असतील तर त्यांचा राग धरू नका, त्यांनाही घरदार आहे. पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

तिथून निघालात की अंगणवाडीत जा. ताईंचं रजिस्टर मागा आणि तीन, चार, पाच वर्षांची किती पोरं आहेत ती मोजा. शाळेचं भविष्य त्या वहीत असतं. पट आज अकरा आहे, यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, हे बघणं मोलाचं. अंगणवाडीत सात-आठ पोरं असतील तर तुमची मुलगी तिसरीत जाईल तेव्हा शाळा भरलेली असेल. दोनच असतील तर तिसरीत ती माझ्या मुलाच्या जागी बसलेली असेल.

माझं मत विचाराल तर, दोन्ही शिक्षक जागेवर असतील आणि पोरं अनोळखी पान वाचत असतील, तर पहिली-दुसरीला इथेच घाला. सहा वर्षांच्या मुलाला रोज कोणाजवळ तरी बसून, ओळीखाली बोट धरून, मोठ्याने वाचायला मिळणं यासारखं दुसरं काही नाही. पंचेचाळीस मुलं आणि पंचेचाळीस मिनिटांचा तास, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट, तेही बाई श्वास घेत नसतील तर. इथे तिला रोज दहा मिनिटं मिळू शकतात. तिसरीत पुन्हा बसा आणि ठरवा. तेव्हा हलवलंत तर शाळेशी बेइमानी केली असं मनात आणू नका. आणि गुरुजी एकटेच असतील, दुसरी जागा रिकामी असेल आणि भरायची चिन्हं नसतील, तर मी स्वतः काय केलं ते वर सांगितलंच आहे.

शाळा वाचवायची म्हणून मुलगी घालू नका. सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर वाडीची शाळा ठेवायची नसते. पण ती दुसरी आई जे बोलली, त्यानेच तुमची झोप उडवली आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं तेच सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. मी तोटे सांगितले त्यातले निम्मे 'दोघंच आहेत' या एका गोष्टीतून निघतात. त्या दोघींची पोरं थांबली तर पहिलीत चौघं होतील. चौघांत रुसायला जागा होते, गट होतो, लंगडी होते. मोठ्या शाळेत तुमच्या एका प्रवेशाने काही हलत नाही. इथे तिघींनी मिळून ठरवलं तर वर्गच बदलतो. आणि 30 सप्टेंबरच्या पटावर पुढची शिक्षकांची संख्या ठरते, तेव्हा चार नावं तिथेही मोजली जातात.

प्रवेश घेतलात तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. अकरा पोरांच्या शाळेत तुम्हाला कोणी नको म्हणायची शक्यताच नाही, उलट खुर्ची पुसून देतील. तिथे पहिली मागणी ही करा: दोन्ही शिक्षक एकाच दिवशी बाहेर जाणार नाहीत आणि एक जाणार असेल तर पालकांना आदल्या दिवशी कळेल. दुसरी शनिवारची. मी केंद्रप्रमुख असताना जवळजवळच्या तीन वाड्यांच्या शाळा एक आड एक शनिवारी एकीत भरवायचे. वर कळवलं होतं. मंजुरीचा कागद आला नाही, नकाराचाही आला नाही, म्हणून चालू ठेवलं. तीन शाळांची मिळून एकोणतीस पोरं व्हायची. खो-खोचे दोन संघ उभे राहायचे आणि वर बारकी उरायची, ती कडेला बसून आरडाओरडा करायची. आमच्या पोरांना हात वर करायची सवय लागली ती तिथेच, माझ्या मुलाला उशीर झाला होता एवढंच.

तर आता त्या दोघींना निरोप धाडा. मिस्टरांनाही त्या दिवशी युनिट दोन तास बंद ठेवायला सांगा, बघायला सगळ्यांनी मिळून जा, आणि परत आल्यावर चहा तुमच्याकडे ठेवा. व्हॅनवाल्याला तोवर हो म्हणू नका.